दहा माणसं आणि अकरा हजार किलोमीटर

दहा माणसं. फक्त दहा. विरार लोकलच्या एका दाराशी लटकणारी माणसंसुद्धा याहून जास्त भरतील. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हे दहा जण रबरी बोटीतून कुलाब्याच्या मच्छिमार नगरच्या किनाऱ्याला लागले आणि सव्वा कोटी वस्तीचं शहर त्यांनी जवळजवळ साठ तास वेठीला धरलं. म्हणजे एका हल्लेखोरामागे साडेबारा लाख मुंबईकर! १६६ जीव गेले. गिरगाव चौपाटीवर पोलिस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी बंदुकीची नळी स्वतःच्या हातांनी धरून ठेवली, अंगावर गोळ्या झेलल्या, म्हणून त्या दहांतला एक तरी जिवंत हाती लागला.

त्यानंतर सरकारने काय केलं, हे समित्या, कायदे आणि योजनांच्या भाषेत पुष्कळदा सांगून झालंय. ते आज आकड्यांत मांडून पाहूया. कारण एकदा मोजायला बसलं की डोकं गरगरायला लागतं. असे आणखी दहा जण येऊ नयेत, एवढंच तर करायचंय. पण त्यासाठी देशाला राखायचं किती? पहारा किती लांब, किती रुंद, किती पैशांचा? चला, कागद-पेन्सिल घ्या.

आधी किनारा. शाळेत आपण घोकलं होतं, भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर. त्यात मुख्य भूमी आली, अंदमान-निकोबार आलं, लक्षद्वीपही आलं. मुंबई-पुणे अंतर सरळ हिशेबाला दीडशे किलोमीटर धरू. मुंबई-पुणे अशा पन्नास खेपा मारा, तेव्हा कुठे एकदा किनारा पालथा घातला असं होईल. की गाडीने जायचं? डेक्कन क्वीन साधारण ताशी साठच्या सरासरीने धावते. तिला घाट चढवू नका, स्टेशनवर थांबवू नका, इंजिन बदलू नका, नुसती किनाऱ्याकिनाऱ्याने पळवा. कच्छहून निघालेली ती गाडी दिवसरात्र पळत राहील आणि पाच दिवस उलटल्यावर प्रवास संपेल. पाच दिवस! आणि या सगळ्या वाटेवर एका बाजूला सतत समुद्र, आणि त्या समुद्रातून कुणीही कुठूनही येऊ शकतं.

थांबा, अजून श्वास सोडू नका. हा आकडा जुना झाला. ७,५१६ हे सत्तरच्या दशकातलं मोजमाप, मोठ्या ढोबळ नकाशावरून घेतलेलं. अलीकडे बारीक नकाशांवर पुन्हा मोजणी झाली, प्रत्येक खाडी, प्रत्येक वळण, प्रत्येक सांदीकोपरा फिरून झाला, आणि आकडा निघाला ११,०९८ किलोमीटर. साडेतीन हजार किलोमीटर किनारा एकदम वाढला! जमीन होती तेवढीच, समुद्र होता तेवढाच. मोजपट्टी बारीक झाली की किनारा लांबत का जातो, हे भूगोलाच्या जाणकारांनी सांगावं. आपण तोंडात बोट घालून आकडे बघू. आपल्या महाराष्ट्राचे ७२० किलोमीटर आपण पाठ केले होते, ते आता ८७७ झालेत. गुजरातचा किनारा तर १,२१४ वरून २,३४० वर गेला, जवळपास दुप्पट. आपल्या डेक्कन क्वीनला आता पाच दिवस पुरायचे नाहीत. आठव्या दिवशी संध्याकाळी पोचेल ती.

या अकरा हजार किलोमीटरांवर माणसं उभी करायची म्हटली तर? दर शंभर मीटरला एक जवान ठेवू. फार दाट नाही हा पहारा. शंभर मीटर म्हणजे क्रिकेटच्या मैदानाची एक सीमारेषा ते समोरची, त्याहूनही कमीच. अंधाऱ्या रात्री तेवढ्या अंतरातून एखादी होडी सहज निसटेल. तरी शंभरच धरू. सुमारे १ लाख ११ हजार जवान लागले. पण माणूस चोवीस तास उभा राहत नाही, आठ तासांच्या तीन पाळ्या हव्यात. झाले ३ लाख ३३ हजार. सुट्ट्या, आजारपण, बदल्या हे सगळं सोडून. पाकिस्तान आणि बांगलादेश या दोन्ही सीमा राखणारं आपलं सीमा सुरक्षा दल जगातल्या सगळ्यात मोठ्या सीमा दलांपैकी एक आहे, आणि त्याचं सगळं बळ अडीच-पावणेतीन लाखांच्या घरात जातं. म्हणजे अख्खं बीएसएफ उचलून किनाऱ्यावर आणलं तरी फटी राहतील! मनुष्यसाखळीची कल्पना इथेच सोडून देऊ. निदान आत्तापुरती.

जमिनीवर हे काम तुलनेने सोपं असतं. सोपं म्हणजे काय, तर राजस्थानच्या वाळूत, पंजाबच्या शेतांत, जम्मूच्या नाल्यांत दोन हजार किलोमीटरांहून जास्त कुंपण घालायचं, आणि जवळजवळ तेवढ्याच लांबीवर प्रखर दिव्यांची रांग लावायची! मुंबई-पुण्याच्या तेरा पट लांब दिव्यांची माळ. ती इतकी झगझगीत आहे की चारशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या अंतराळ स्थानकातून रात्री भारत-पाकिस्तान सीमा नारिंगी रेघेसारखी दिसते, तिचे फोटो आहेत. अवकाशातून रात्री उघड्या डोळ्यांनी दिसणाऱ्या देशांच्या सीमा फार थोड्या, त्यांत ही एक. पण समुद्रावर खांब रोवणार कुठे? तार कशाला बांधणार?

आता किनाऱ्यावरून तोंड वळवून पाण्याकडे बघा. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतचं पाणी म्हणजे आपला प्रादेशिक समुद्र. बारा सागरी मैल म्हणजे २२ किलोमीटर. म्हणजे चर्चगेट ते अंधेरी! देशाची हद्द ओलांडून आत शिरलेली बोट आणि आपला किनारा यांच्यात एवढंच अंतर. वीस नॉटच्या वेगाने येणारी बोट हे पाणी ३६ मिनिटांत कापते. फास्ट लोकललाही साधारण तेवढाच वेळ लागतो. चर्चगेटला गाडीत बसलेला माणूस अंधेरीला उतरेपर्यंत, तेवढ्या वेळात ओळखायचं, विचारायचं, अडवायचं. तेवढ्यात झालं तर झालं.

त्याच्या पुढे दोनशे सागरी मैलांपर्यंत आपलं आर्थिक क्षेत्र. ३७० किलोमीटर. गेटवेवर उभे राहून पश्चिमेला बघताना कल्पना करा, की पाण्याऐवजी रस्ता आहे आणि आपण कोल्हापूरला चाललोय. तेवढं लांब. असं किनाऱ्याभोवती आणि बेटांभोवती मोजत गेलं की क्षेत्रफळ भरतं वीस लाख चौरस किलोमीटरांहून जास्त. साडेसहा महाराष्ट्र! साडेसहा महाराष्ट्रांएवढं पाणी, त्यात एक रस्ता नाही, एक झाड नाही, एक मैलाचा दगड नाही. भारतीय तटरक्षक दल १९७७ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याच्याकडे मोजून सात जहाजं होती. आज लहान-मोठ्या नौका धरून दीडशेवर आहेत, सत्तरहून जास्त विमानं आणि हेलिकॉप्टरं आहेत. दीडशे ऐकून बरं वाटतं. आता भागाकार करा. एका नौकेच्या वाट्याला १३,३०० चौरस किलोमीटर. रायगड आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले तरी एवढं क्षेत्र भरत नाही! दोन जिल्ह्यांना मिळून एकच गस्तीची गाडी, आणि सगळ्या नौका एकाच दिवशी समुद्रात नसतातच. काही गोदीत, काही परतीच्या वाटेवर, काही वादळात अडकलेल्या मच्छीमारांना सोडवायला गेलेल्या.

तो हिशेब अजून फक्त लांबी-रुंदीचा होता. खोलीकडे या. खोल समुद्राची गरज नाही, वरचा एक मीटर पाण्याचा थर घ्या. लाट उठते ती याच थरात, आणि रबरी बोट लपते ती याच लाटांत. लाकूड आणि रबर रडारला लोखंडासारखं ठणठणीत उत्तर देत नाहीत, उलट लाटाच रडारवर ठिपके उमटवतात, असं जाणकार सांगतात. ते मान्य करून पुढे जाऊ. तर हा एक मीटरचा थर किती? दोन हजार घन किलोमीटर पाणी. कोयना धरण काठोकाठ भरलं तर त्यात १०५ टीएमसी पाणी असतं. अशी सुमारे ६७० कोयना! हेही डोळ्यांसमोर येत नसेल, तर विहिरी घ्या. सहा मीटर व्यासाची, बारा मीटर खोल, तुडुंब भरलेली चांगली बांधीव विहीर. अशा ५८९ कोटी विहिरी. देशात साडेसहा लाख गावं धरली तर प्रत्येक गावाच्या वाट्याला नऊ हजार विहिरी. आणि त्यांतल्या एका विहिरीत एक रबरी बोट आहे, ती शोधा!

हे शोधण्याचं काम सरकारने १९९३ पासूनच हाती घेतलं होतं, हे इथे सांगायला हवं. त्या वर्षीची स्फोटकं रायगडच्या शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती, आणि १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पाठोपाठ महाराष्ट्र आणि गुजरातच्या पाण्यात ऑपरेशन स्वान नावाची गस्त सुरू झाली. २००५ मध्ये सागरी सुरक्षा योजनेचा पहिला टप्पा आला. त्यात ७३ सागरी पोलिस ठाणी, २०४ वेगवान बोटी. २६/११ नंतर दुसरा टप्पा आखला गेला, आणखी १३१ ठाणी, ६० धक्के मंजूर झाले. ठाण्यांची बेरीज २०४. आता इथे एक गंमत आहे, आणि मी हा हिशेब केला तेव्हा खुर्चीत ताठ बसलो. जुन्या मापाने, ७,५१६ किलोमीटरने भागा. एका ठाण्याकडे ३७ किलोमीटर किनारा. सीएसएमटीहून कळव्याच्या जरा पुढे. आता नव्या मापाने भागा. ५४ किलोमीटर. सीएसएमटी ते कल्याण! ठाणं तेच, बोट तीच, डिझेल तेवढंच, आणि नकाशा बारीक झाल्याबरोबर हवालदाराची हद्द एका दिवसात कळव्याहून कल्याणला पोचली. खाड्या तिथे आधीही होत्याच, म्हणजे तो कल्याणपर्यंतचा पहारा आधीही देतच होता. मोजलं मात्र आत्ता गेलं.

पैसे किती लागले? दोन्ही टप्प्यांसाठी मंजूर झालेली रक्कम मिळून सुमारे २,२०० कोटी रुपये. पाचशेच्या नोटा करा. जवळपास साडेचार कोटी नोटा. सेकंदाला एक या वेगाने, न जेवता, न झोपता मोजत बसलात तर पहिल्या नोटेपासून शेवटच्या नोटेपर्यंत सतरा महिने जातील. प्रचंड वाटतं ना? आता हीच रक्कम किनाऱ्यावर पसरा. अकरा हजार किलोमीटरांच्या प्रत्येक मीटरवर येतात दोन हजार रुपये. मुंबईत एका मीटर जमिनीचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. आणि हे दोन हजारसुद्धा एका वर्षाचे नव्हेत, दोन टप्प्यांची मिळून पंधरा वर्षं झाली. एका मीटरला दिवसाचे पडले सदतीस पैसे! नौदल, तटरक्षक दल, पोलिसांचे पगार हे वेगळे, ते या रकमेत नाहीत हे खरं. पण या एका योजनेपुरतं बोलायचं तर देशाने किनाऱ्याच्या एका मीटरवर रोज चाळीस पैसेही खर्च केलेले नाहीत. ही रक्कम मला कमी वाटते. फार कमी वाटते.

माणूस पुरत नाही, बोटी पुरत नाहीत, म्हणून यंत्रांकडे वळले. किनाऱ्यावर, कितीतरी ठिकाणी तर जुन्या दीपगृहांच्याच उंचीचा फायदा घेऊन, रडार बसली. पहिल्या टप्प्यात ४६. त्या वेळच्या मापाने दोन रडारांमध्ये १६३ किलोमीटर. दादरला एक डोळा आणि दुसरा पुणं ओलांडून! दुसऱ्या टप्प्यात आणखी ३८ आली, आणि हे अंतर नव्वदवर उतरलं, म्हणजे मुंबई ते लोणावळा आणि वर थोडं. या रडारांना जे दिसतं ते सगळं कुठे जातं? गुरुग्रामला! जिथे समुद्राचा वाराही लागत नाही, तिथे नौदलाने माहितीचं केंद्र उभारलं आणि देशभरातली ५१ ठिकाणं, नौदलाची २० आणि तटरक्षक दलाची ३१, त्याला जोडली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याचं उद्घाटन मनोहर पर्रीकरांनी केलं. गोव्याचा हा माणूस संरक्षणमंत्री होऊन तेव्हा दोन आठवडेच झाले होते. हिंदी महासागरातून वर्षाला एक लाखाहून जास्त जहाजं जातात. म्हणजे दर पाच मिनिटांना एक, पार बोरिवली लोकलच्या हिशेबाने! रात्री दोन वाजता आणि दिवाळीच्या दिवशीसुद्धा. ही मोठी जहाजं आपली ओळख स्वतःच सांगत जातात, तसं यंत्र त्यांच्यावर असतं. खरी पंचाईत लहान होड्यांची.

लहान होड्या किती? देशात नोंदणी झालेल्या मासेमारी नौकाच दोन लाखांहून जास्त. एक होडी सरासरी दहा मीटर धरून एकामागे एक लावल्या, तर रांग मुंबईहून निघून रुळांच्या वाटेने पार हावड्याला पोचते. या रांगेतली प्रत्येक होडी तपासायची म्हणा. पाच मिनिटं एका होडीला. कागद बघा, खलाशी मोजा, बर्फाच्या खणात डोकवा, जाळं उचलून बघा. पाच मिनिटं म्हणजे काहीच नाही. तरी एकाच अधिकाऱ्याने झोप न घेता काम केलं तर शेवटच्या होडीपाशी पोचायला जवळजवळ एक वर्ष अकरा महिने लागतील. मधे दोनदा पावसाळ्याची बंदी येऊन जाईल. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौका बंदरात असतात. किनाऱ्यावरच्या पोलिसांना श्वास घ्यायला मिळतो तो त्या दोन महिन्यांत. २००८ मध्ये हल्लेखोरांनी नेमकी अशीच एक होडी निवडली होती. पोरबंदरची कुबेर. तिच्यावरचे खलाशी त्यांनी मारले, आणि दोन लाखांच्या गर्दीतली एक म्हणून ती कराचीच्या दिशेच्या पाण्यातून मुंबईपर्यंत आली. कुणी विचारलं नाही, कारण विचारायचं कुणाकुणाला?

म्हणून मच्छीमारांना ओळखपत्रं दिली गेली. फोटो, बोटांचे ठसे, चिप असलेली. अठरा लाखांहून जास्त! एक कार्ड आपल्या एटीएम कार्डाएवढं जाड धरा, पाऊण मिलिमीटर. एकावर एक रचत जा. समुद्रसपाटीपासून सुरुवात केलीत तर शेवटचं कार्ड सिंहगडाच्या माथ्याच्याही वर जाऊन बसेल. कार्डांचा सिंहगड! आणि त्यातल्या प्रत्येक पातळ पापुद्र्यामागे एक माणूस, एक कोळीवाडा, एक पहाटेची खेप.

समुद्रावरून जरा शहरात येऊ, कारण हल्ला समुद्रातून आला तरी तो फुटला शहरात. मुंबईच्या लोकलने दिवसाला ७५ लाखांच्या आसपास माणसं प्रवास करतात. अर्ध्या अर्ध्या मीटरवर एकामागे एक उभी केली तर ३,७५० किलोमीटरांची रांग, म्हणजे मुंबई-पुणे पंचवीस वेळा. कुणी म्हणेल, प्रत्येकाची पिशवी बघा. बघू. दहा सेकंद एका पिशवीला. एका दिवसाचे प्रवासी तपासायला एका पोलिसाला दोन वर्षं आणि साडेचार महिने! एका दिवसाचे! म्हणून कॅमेरे आले. २६/११ च्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीच्या शिफारशींनंतर बराच वेळ गेला, आणि २०१६ च्या ऑक्टोबरात मुंबईभर १,५१० ठिकाणी ४,७१७ कॅमेरे सुरू झाले. नंतर ते आणखी वाढले. पण पहिल्या आकड्यावरच थांबून बघा काय होतं ते. एका दिवसात हे कॅमेरे मिळून जेवढं चित्रण करतात, ते एका माणसाने सलग पाहायचं तर तेरा वर्षं लागतात. एका महिन्याचं पाहायचं तर ३८७ वर्षं! शिवाजी महाराजांच्या बालपणी जो पडद्यापुढे बसला असता, तो आत्ता कुठे उठला असता. एका महिन्याचं चित्रण पाहून!

वेळेचाही हिशेब बदलला. त्या रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला, राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो दिल्लीहून हजार-अकराशे किलोमीटर उडून आले आणि कामाला लागेपर्यंत दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडली. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, मुंबई, चेन्नई, कोलकाता आणि हैदराबादला त्यांचे तळ झाले. हजार किलोमीटरांचं अंतर शहराच्या हद्दीत आलं. राज्याने फोर्स वन हे स्वतःचं कमांडो पथक उभं केलं. २००८ सालच्या शेवटच्या दिवशी राष्ट्रीय तपास यंत्रणेचा कायदा लागू झाला, आणि आजवर त्या यंत्रणेने सहाशेहून जास्त गुन्हे तपासाला घेतलेत.

आणि न्यायालय! जिवंत पकडलेल्या त्या एकाचं आरोपपत्र अकरा हजारांहून जास्त पानांचं होतं. पानाला दोन मिनिटं धरली तर पंधरा दिवस आणि पंधरा रात्री नुसतं वाचन. सहाशेहून जास्त साक्षीदार, वर्षभर चाललेला खटला, मे २०१० मध्ये दीड हजार पानांचा निकाल. ज्याने स्टेशनवर दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या, त्याचा गुन्हा या देशाने पानापानाने सिद्ध केला. मला या सगळ्या आकड्यांत हा आकडा सगळ्यांत अभिमानाचा वाटतो.

पण मला सांगायचंय ते या यंत्रांच्या आकड्यांबद्दल नाही. त्या रात्री मच्छिमार नगरला बोट लागली तेव्हा कुठल्याही रडारने ती पाहिली नव्हती. पाहिली ती किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी. पाठीवर जड पिशव्या, अनोळखी चेहरे, कोळीवाड्यात काम नसताना आलेले. त्यांनी हटकलं होतं. कोण तुम्ही, कुठून आलात, असं विचारलं होतं. देशाच्या एवढ्या मोठ्या पाण्यावर त्या दहा जणांना पहिला प्रश्न विचारणारी माणसं ती होती.

आता मघाशी सोडून दिलेली मनुष्यसाखळी पुन्हा हातात घ्या. शंभर मीटरला एक जवान उभा करायला अख्खं सीमा सुरक्षा दल पुरत नव्हतं. आणि ओळखपत्रं किती मच्छीमारांना दिली? अठरा लाख. अकरा हजार किलोमीटरांवर अठरा लाख माणसं पसरा. दर सहा मीटरला एक! सहा मीटर म्हणजे एक होडी आडवी मावत नाही इतकं जवळ. एकाने सहज हाक मारली तर दुसऱ्याला ऐकू जाईल. ८४ रडारांपुढे छत्तीस लाख डोळे, आणि तेही असे, की लांबून नुसत्या डोलकाठीवरून कुठल्या गावची होडी ते सांगतील, नाळेच्या रंगावरून नाखवा कोण ते ओळखतील. नवखा माणूस दोर कसा बांधतो, हे तांडेलाला पाहता क्षणी कळतं. असा डोळा कुठल्या कारखान्यात बनतो? कोकणातल्या गावोगावच्या सागर रक्षक दलांत हीच माणसं आहेत. वर्षातून दोनदा होणाऱ्या सागर कवच सरावात आणि २०१९ पासून तेराही किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश मिळून एकाच वेळी होणाऱ्या सी व्हिजिल सरावात पोलिस, नौदल आणि तटरक्षक दलाबरोबर हीच माणसं उतरतात. त्यांच्यासाठी दोन क्रमांक आहेत, सागरी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४.

अडचण एकच होती. मोबाइलची रेंज किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर संपते, आणि संशयास्पद बोट दिसते ती त्याच्या पुढे. तांडेलाने पाहिलं तरी सांगायचं कुणाला आणि कसं? ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये, आपल्याच किनाऱ्यावर, एका योजनेची सुरुवात झाली. देशभरातल्या एक लाख मासेमारी नौकांवर इस्रोच्या उपग्रहाशी बोलणारी यंत्रं बसवायची. खर्च ३६४ कोटी, म्हणजे एका होडीमागे ३६,४०० रुपये. एका बऱ्यापैकी मोबाइलची किंमत! होडीवरून किनाऱ्याला निरोप जातो, किनाऱ्यावरून होडीला येतो, वादळाची सूचना मिळते, सागरी सीमा जवळ आली की इशारा मिळतो. समजा, एक लाख होड्यांनी तासाला एकच निरोप पाठवला. दिवसाचे चोवीस लाख निरोप झाले. सेकंदाला अठ्ठावीस! तुम्ही हे वाक्य वाचेपर्यंत शे-दीडशे होड्या बोलून मोकळ्या झाल्या.

आणि एकेक निरोप जातो कुठून? अशा उपग्रहाची उंची छत्तीस हजार किलोमीटर. जायचं छत्तीस हजार, यायचं छत्तीस हजार. पालघरच्या पाण्यात पहाटे जाळं ओढता ओढता एखाद्या तांडेलाला ओळखीची नसलेली बोट दिसली, त्याने 'अनोळखी बोट' एवढे दोन शब्द पाठवले, तर ते दोन शब्द बहात्तर हजार किलोमीटर फिरून किनाऱ्याला पोचतात. मुंबई-पुणे, मुंबई-पुणे, मुंबई-पुणे, अशा ४८० फेऱ्या. आणि हा सगळा प्रवास पाव सेकंदात!